मामांनी गाव पाहिलं

मामांना सगळे मामा का म्हणतात, हे कधी कुणाला विचारावं लागलं नाही. सहलीची बस चालवणाऱ्या माणसाला प्रवासी दुसरं काय म्हणणार? चढताना "मामा, ही बॅग कुठं ठेवू?" आणि उतरताना "मामा, आमच्यासाठी थांबाल ना?" होता होता कंपनीचे शेठही त्यांना मामा म्हणायला लागले, आणि शेठ तर त्यांच्याहून वयानं मोठे. मग त्यांची बायको आपसूकच मामी झाली. तिचं खरं नाव माहेरीच राहिलं.

मामा बोलायला कमी आणि चालवायला पक्के. डोंगरापलीकडे नदीकाठी एक जुनं गाव होतं. तिथलं संग्रहालय, तिथली नावाजलेली खाणावळ आणि तिथली कुंभारगल्ली बघायला लांबून लांबून लोक यायचे. कंपनीची मोठी बस दर आठवड्याला तिथं जायची, एक मुक्काम करायची आणि परत यायची. ती बस मामांनी उभी हयात चालवली. घाटातलं कुठलं वळण कसं मारायचं, कुठल्या उतारावर ब्रेक तापतात, हे त्यांनी झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. पण गाव? गाव त्यांनी पाहिलं नव्हतं.

लोकांना हे ऐकून हसू यायचं. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे. बस संग्रहालयाच्या मागच्या बाजूला लावायची, कारण पुढं उभी करू देत नाहीत. माणसं उतरली की मामा काच पुसणार, टायर बघणार, सीटखालच्या रिकाम्या बाटल्या गोळा करणार आणि मग जागेवर टेकून डोळे मिटणार. बस सोडून हिंडायला गेलं आणि काही झालं, तर निस्तरायचं कुणी? खाणावळीतही तोच प्रकार. प्रवासी पुढच्या दारानं टेबलांकडे आणि मामा मागच्या दारानं थेट भटारखान्यात. आचारी बाकड्यावर जागा करून द्यायचा आणि पुढ्यात वाडगा ठेवायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं म्हणतात. मामांनी त्या गावाला इतके वळसे घातले, की कळसा शोधायचा असतो हेच ते विसरून गेले.

तरी मामांच्या डोक्यात एक गाव होतंच. ते त्यांनी आरशातून गोळा केलेलं. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात मागची माणसं दिसतात, आणि संग्रहालय बघून आलेली माणसं गप्प बसत नाहीत. सगळ्यांच्या तोंडी एकच चित्र. तिथल्या एका जुन्या चित्रातली बाई. कुणी म्हणे, "काय गोड हसते हो!" कुणी म्हणे, "मला तर भरूनच आलं, केवढं दुःख आहे तिच्या चेहऱ्यावर." एक आजोबा एकदा म्हणाले होते, "ती आपल्याला ओळखते." एका बाईंनी खिडकी सांगितली, दुसऱ्या कुणी खिडकीतून दिसणारी नदी. मामांनी कुणालाच खोटं पाडलं नाही. सगळ्यांचं ऐकून त्यांनी मनातल्या मनात एक चित्र रंगवलं. भिंतभर मोठं, मागं नदी, नदीत नाव, आणि समोर एक बाई. ओठ हसरे आणि डोळे रडवेले, म्हणजे कुणाची तक्रार नको.

घरी आले की मामी विचारायच्या, "मग? या खेपेला काय म्हणत होती माणसं?"

मामा सांगायचे. "लोक म्हणत होते," अशीच सुरुवात करायचे. स्वतः पाहिल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. फक्त एका गोष्टीबद्दल ते खात्रीनं बोलायचे, ती म्हणजे वाडग्यातलं जेवण. आंबटसर पातळ रस्सा, त्यात कसला तरी चिरलेला हिरवा पाला, वरून लसणाची फोडणी आणि बुडवायला खरपूस भाजलेला शिळा पाव. मामींनी हे वर्णन ऐकून ऐकून घरी प्रयोग सुरू केले. कधी फार आंबट झालं, कधी पाला कडू निघाला. पण मामी हट्टाला पेटल्या की ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. एके दिवशी मामांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "हं. हेच." त्या दिवसापासून घरी पाहुणे आले की मामी "अमक्या गावचा खास पदार्थ" म्हणून तो रस्सा वाढायच्या. त्यांच्या धाकट्या जाऊबाई कुणाच्या हातचं कधी वाखाणायच्या नाहीत, पण त्यांनीसुद्धा तो दोनदा मागून घेतला होता. मामींनी ती गोष्ट नंतर कितीदा सांगितली, त्याला गणती नाही.

मामा निवृत्त झाले त्या दिवशी ऑफिसात चहापाणी झालं. सगळे उठायला लागले तेव्हा शेठ म्हणाले, "मामा, पुढच्या सहलीत दोन सीट तुमच्या. जोडीनं जा. आता जरा मागं बसून बघा."

मामांना पहिल्यांदा वाटलं, शेठ थट्टा करतायत. घरी येऊन ते म्हणाले, "मला काय करायचंय तिथं? सगळं पाठ आहे."

"काय पाठ आहे?" मामींनी विचारलं.

मामा विचार करू लागले. घाट पाठ होता, पेट्रोलपंप पाठ होता. पुढं त्यांना काही सुचेना. मामी तोपर्यंत कपाटातून बॅग काढून झटकायला लागल्या होत्या.

बसमध्ये त्यांना उजवीकडची तिसरी रांग मिळाली. मामी खिडकीशी, मामा कडेला. नवा ड्रायव्हर चांगला होता, हात सावकाश होता, पण मामांचा उजवा पाय प्रत्येक वळणाला फरशीवर दाबला जायचा. एकदा तो पुढच्या सीटखालच्या कुणाच्या तरी पिशवीवर दाबला गेला आणि आतून काहीतरी कुरकुरीत चुरल्याचा आवाज आला. मामी हळूच म्हणाल्या, "बस चाललीय ना नीट? मग पाय जवळ घ्या."

मामांनी पाय जवळ घेतले आणि बाहेर बघितलं. घाटाच्या कडेला, झाडांच्या मागं, एक मोठं तळं होतं.

"हे तळं कधी झालं?" ते म्हणाले.

मागच्या सीटवरच्या गृहस्थांनी सांगितलं, "जुनंच आहे हो. शंभर वर्षांचं तरी असेल."

मामांनी मान मागं वळवून तळं दिसेनासं होईपर्यंत पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी रस्ता सोडून बाजूला पाहिलंच नव्हतं, हे तर झालंच. पण मग आरशातल्या माणसांपैकी एकानंही तळ्याचं नाव कसं काढलं नाही? की काढलं होतं आणि आपण ऐकलं नाही? अशा विचारात गाव आलं, आणि मामांना ते आल्याचं कळलंच नाही. नवा ड्रायव्हर बस लावायला मागच्या बाजूला निघून गेला, तेव्हा मामा फूटपाथवर उभे राहून आपल्याच बसला जाताना बघत होते.

गाईडबाई पोरसवदा होती, पण आवाज खणखणीत. हातातली पिवळी छत्री वर धरून ती सगळ्यांना पायऱ्या चढवून आत घेऊन गेली. मामांनी संग्रहालयाची मागची भिंत इतक्या वेळा पाहिली होती, की तिच्यावरचे पोपडे त्यांच्या ओळखीचे होते. पुढून ती इमारत भलतीच निघाली. खांब काय, कमान काय. मामा आत शिरताना जरा बिचकलेच. चुकून दुसरीकडेच तर आलो नाही?

खोल्यांमागून खोल्या झाल्या. नाणी झाली, जुने कपडे झाले, बिनडोक्याचे पुतळे झाले. मग एका लहानशा खोलीत गाईडबाई थांबली, तिनं छत्री खाली केली आणि आवाज एकदम मऊ करून म्हणाली, "आणि हे ते चित्र."

मामांनी मोठ्या भिंतीकडे पाहिलं. तिथं खिडकी होती. दुसऱ्या भिंतीवर चहाच्या ट्रेएवढी एक काळपट चौकट टांगली होती आणि सगळे त्या चौकटीपाशी गोळा झाले होते. मामा माणसांमधून वाट काढत पुढं गेले. चौकटीत एक बाई होती. टेबलाशी उभी, बाह्या वर सरकवलेल्या, डोक्याला रुमाल बांधलेला. हातात सुरी, आणि सुरीखालून कसल्या तरी फळाची लांब साल लोंबत होती. समोर खिडकी, खिडकीत नुसता उजेड. आणि बाईची आपल्याकडे पाठ. पुरती पाठ. गालाचा तुकडादेखील दिसत नव्हता.

मामांनी जरा वाट पाहिली. मग ते गाईडबाईला म्हणाले, "अहो, आणि ते दुसरं चित्र कुठंय? ती बाई हसते ते?"

"कुठलं दुसरं, मामा?"

"हसते, रडते. नदी आहे मागं."

"नाही हो. हेच ते. सगळे याच्यासाठीच येतात."

"पण हिला तोंडच नाही!" मामा जरा मोठ्यानंच बोलले. दोनतीन माणसं हसली. गाईडबाई म्हणाली, "तीच तर गंमत आहे ना." पण गंमत काय ते सांगायच्या आधी कुणीतरी तिला स्वच्छतागृह कुठंय म्हणून विचारलं. मामांच्या शेजारी टोपीवाले गृहस्थ उभे होते. ते डोळे बारीक करून पुटपुटले, "केवढी वेदना आहे, बघा." मामांनी गृहस्थांकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, पुन्हा गृहस्थांकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांचे डोळे खरोखर ओलावले होते.

एक माणूस चुकेल, दोन चुकतील. पण वर्षानुवर्षं बस भरभरून लोकांनी तो चेहरा पाहिला होता. मग आपल्याच डोळ्यांत काही कमी आहे की काय? ते चौकटीच्या अगदी कडेला जाऊन, मान तिरकी करून, बाजूनं काही दिसतं का ते बघू लागले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरची पहारेकरीण म्हणाली, "साहेब, मागं व्हा. बाजूनं काही दिसत नाही. ते सपाट आहे."

त्यानंतर काय झालं ते मामांना नीट सांगता आलं नाही. माणसं पुढच्या खोलीत गेली, मामा मागं राहिले, आणि त्यांचे पाय त्यांना बरोबर तिथं घेऊन गेले जिथं ते नेहमी असायचे. भानावर आले तेव्हा ते बसच्या सावलीत उभे होते आणि चपलेच्या टोकानं टायर दाबून बघत होते.

"मामा, काही राहिलं का आत?" नव्या ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही. हवा बरोबर आहे," मामा म्हणाले.

तिथं ते बसले ते बसलेच. बरीच उन्हं कलल्यावर मामी आल्या, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि चेहरा लालबुंद.

"मी अख्खी कुंभारगल्ली पालथी घातली! प्रत्येक दुकानात डोकावून विचारलं, उंच गृहस्थ पाहिलेत का, निळा शर्ट? त्या पोरीनं छत्री हलवून हलवून हात मोडून घेतला. आणि तुम्ही इथं?"

"मला कळलंच नाही गं. पाय आले."

"पाय आले! माणूस कुठं होता?"

मामींनी कागद उलगडला. आत एक ताटली होती, पांढरी, आणि तिच्यावर निळ्या रंगाचा, लांब शेपटीचा एक पक्षी. राग थोडा ओसरल्यावर मामी सांगू लागल्या. चाक कसं फिरत होतं, कुंभार दोन बोटांनी काठ कसा वर ओढत होता, त्याच्या दुकानात ताटल्यांवर सगळीकडे हाच पक्षी. "मी त्याला विचारलं, हा पक्षी इथं कुठं दिसतो? तर म्हणतो, इथं नाही दिसत. मी म्हटलं, मग कुठं दिसतो? म्हणे, कुठंच पाहिलेला नाही, बाप काढायचा म्हणून मी काढतो. मी म्हटलं, बापानं पाहिला होता? तर म्हणतो, विचारायचं राहिलं." मामींनी ताटली उलटीपालटी केली. "आता मी ही आणली कशाला ते मलाच कळेना."

संध्याकाळी खाणावळ. मामांनी सवयीनं मागच्या दाराकडे वळायला सुरुवात केली होती, मामींनी कोपराला धरून पुढच्या दारातून आत आणलं. टेबलावर पांढरं कापड, मधोमध फुलं. मामी खुर्चीत सावरून बसल्या आणि हलकेच म्हणाल्या, "आता बघते, माझ्यात आणि यांच्यात काय फरक आहे ते."

वाढप्यानं बशा आणल्या. बशीत सारण भरलेली एक जाड गुंडाळी होती. वरून दाट पांढरं काहीतरी ओतलेलं आणि त्यावर बदामाचे काप, एक पाकळी, बाजूला गोडसर लाल थेंब. गाईडबाई उठून उभी राहिली. "हा या गावाचा मानाचा पदार्थ. याच्यासाठी लोक पुन्हा पुन्हा येतात."

मामींनी एक घास घेतला. मग मामांकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

"मला काय माहीत," मामा म्हणाले. "मी कधी खाल्लं नाही."

"मग मी इतकी वर्षं काय शिजवत होते?"

मामांनी वाढप्याला बोलावून विचारलं, आंबट रस्सा मिळेल का, पाल्याचा, भाजलेल्या पावाबरोबर. वाढपी नवा होता. त्यानं मेनू आठवून आठवून मान हलवली. पण तो आत जाऊन काहीतरी बोलला असावा, कारण थोड्या वेळानं खुद्द आचारी हात पुसत बाहेर आला. मामांना पांढऱ्या टेबलाशी बसलेलं बघून त्याला काय करावं सुचेना. मामांनाही सुचेना. इतकी वर्षं एकमेकांना ओळखत असून पुढच्या दालनात ते कधी भेटलेच नव्हते.

"मामा, तुम्ही इकडं?"

"आता मागं बसतो मी," मामा म्हणाले. म्हणजे बसमध्ये मागं, असं त्यांना म्हणायचं होतं. पण आचाऱ्याला वाटलं, भटारखान्याबद्दल बोलतायत, आणि तो म्हणाला, "मग चला ना आत!" हा घोळ निस्तरायला थोडा वेळ गेला. मग मामींनी सरळच विचारलं, "भाऊ, तुमच्या गावचं जेवण कुठलं? हे, की तो रस्सा?"

आचारी कावराबावरा झाला. "वहिनी, रस्सा आमचा आम्ही खातो. शिल्लक भाजी, शिळा पाव, त्याचं काय एवढं! तो काय पाहुण्याला वाढायचा?"

"म्हणजे तुमचा खरा पदार्थ तोच."

"तसंही नाही. तो मी माझ्या पद्धतीनं करतो. माझी आई इथली नव्हे, ती पलीकडच्या खोऱ्यातली. इथली माणसं त्यात पाला घालत नाहीत."

"आणि ही गुंडाळी?"

आचाऱ्यानं इकडं तिकडं बघून आवाज खाली केला. "ही आधीच्या मालकानं आणली. सहली सुरू झाल्या तेव्हा काहीतरी दाखवायला हवं होतं, म्हणून कुठूनतरी शिकून आले."

"बघा!" मामी विजयानं म्हणाल्या. "म्हणजे ही खोटी."

"खोटी कशी म्हणू, वहिनी? आता गावात घरोघरी करतात. माझ्या पोरीला आनंद झाला की ती हीच मागते. तिला विचाराल तर ती म्हणेल, आमच्या गावाची म्हणजे हीच." आचाऱ्यानं डोकं खाजवलं. "मला तुम्ही भलतंच विचारलंत हो. आता मलाच रात्रभर झोप यायची नाही."

शेवटी त्यानं आतून एक वाडगा आणून ठेवला. मामींनी चमचाभर चाखला, जिभेवर घोळवला, पुन्हा चाखला.

"माझ्यात लसूण जास्त पडतो," त्या म्हणाल्या. आणि जरा थांबून, "आणि तसाच बरा लागतो."

मामांनी मात्र एक घास रश्श्याचा आणि एक घास गुंडाळीचा असं आळीपाळीनं सगळं संपवलं. कुठलं खरं हे काही त्यांना कळलं नाही. पोट मात्र गच्च झालं.

दुसऱ्या दिवशी बस निघायला वेळ होता. मामी न्याहारी करता करता म्हणाल्या, "मला ते चित्र परत बघायचंय. काल त्या गर्दीत माझ्या वाट्याला टोपीच आली."

"त्यात बघण्यासारखं काही नाही. बाई पाठमोरी आहे."

"ते मी बघून ठरवते."

सकाळी संग्रहालय रिकामं होतं. लहान खोलीत फक्त पहारेकरीण खुर्चीवर बसलेली. तिनं मामांना ओळखलं. "आज बाजूनं बघू नका हं," ती हसून म्हणाली.

मामांनी ओशाळून विचारलं, "बाई, तुम्ही रोज इथं असता. ही हसते की रडते?"

"मला विचारता? माझी खुर्ची बघा कुणीकडं तोंड करून आहे. मी दिवसभर माणसं बघते. काही डोळे पुसतात, काही गालातल्या गालात हसतात. काल एकजण कुणीतरी चापट मारल्यासारखा चेहरा करून उभा होता." आपल्याबद्दलच चाललंय हे मामांच्या जरा उशिरानं लक्षात आलं.

मामी चित्रासमोर उभ्या होत्या. हात मागं बांधलेले, मान किंचित कलती. बराच वेळ त्या तशाच बघत राहिल्या. मामांना वाटलं, कंटाळल्या. मग त्या म्हणाल्या, "वैतागलीय ती."

"कोण?"

"ही. पार वैतागलीय. कुणीतरी मागून काहीतरी विचारलंय आणि तिला उत्तर द्यायचं नाहीय."

"कशावरून? तोंड कुठं दिसतंय?"

"तोंड कशाला हवंय? उजवा खांदा बघा, केवढा वर आलाय. आणि साल बघा. शांत डोक्यानं सोललेली साल अशी जाड निघते का?"

मामांनी खांदा बघितला. खांदा खरोखरच वर होता. "तुला हे कसं कळतं?"

मामी वळल्या. त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता, म्हणून मामांना ते वाक्य जास्तच लागलं. "अहो, मी जन्मभर ओट्याशी अशीच उभी आहे. तुम्ही मागं टेबलाशी बसून लोक काय म्हणत होते ते सांगत असता. मला नाही कळणार तर कुणाला?"

पहारेकरणीनं एकदम खिडकीकडे बघायला सुरुवात केली.

घरातला ओटा त्यांच्या डोळ्यांसमोर आला, त्यावरची फडताळं आली, नळ आला. ओट्याशी उभ्या मामी काही नीट दिसेनात. साडीचा रंगसुद्धा आठवेना. पण बोलणं मात्र आठवत होतं, सगळंच्या सगळं आठवत होतं. "बरं मग?" "आणि मग ते आजोबा काय म्हणाले?" तो आवाज वैतागलेला होता की काय? आपल्याला तर तो नेहमी आनंदी वाटायचा.

बाहेर पायऱ्यांवर त्यांनी विचारलं, "म्हणजे तुला माझं सांगणं आवडत नव्हतं?"

"आवडायचं की. नाहीतर विचारलं असतं का?"

"मग वैतागायचीस कधी?"

"तेव्हाच."

"एकाच वेळी?"

"हो मग," मामी म्हणाल्या, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. मामा दोन पायऱ्या उतरून थांबले, पुन्हा एक चढले, मग उतरले. ओठ हसरे आणि डोळे रडवेले असलेली त्यांच्या मनातली बाई कुठं गेली आणि ही कोण आली, याचा त्यांना मेळ लागेना. परतीच्या बसमध्ये ते बाहेरही बघत नव्हते आणि रस्ताही बघत नव्हते. मामी खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या. झोपेत त्यांचा चेहरा कसा दिसतो, ते मामा बघत बसले होते.

घरी आल्यावर आठवड्याभरात जाऊबाई आल्या. मामींनी रस्साच केला, लसूण नेहमीपेक्षा जरा जास्तच. जाऊबाईंनी विचारलं, "मग, अस्सल होता का तिथला?" मामी म्हणाल्या, "तिथला अस्सल कुठला ते तिथंच कुणाला ठाऊक नाही. हा माझा आहे. खा." जाऊबाईंनी खाल्ला. वाखाणला मात्र नाही.

डेपोवर जुने सोबती चहाला जमले तेव्हा त्यांनी मामांना घेरलं. "काय मामा, पाहिलं एकदाचं? कसंय गाव?" मामांनी सांगायला तोंड उघडलं. "लोक म्हणत होते," अशी सुरुवात करून ते थांबले. पुढं काय म्हणायचं, "मी म्हणतो" की "बायको म्हणते", यावर त्यांची गाडी अडली. "एकदा जाऊन कळत नाही रे," एवढंच ते म्हणाले. सोबत्यांना वाटलं, म्हातारा सांगायला कंटाळला.

त्या वर्षाच्या शेवटी दोघं पुन्हा निघाले. या वेळी मामींनी समुद्रकाठचं एक शहर निवडलं, जिथं कंपनीची बस कधी गेली नव्हती आणि मामांना कसलीच खबर नव्हती. गाईड नाही, छत्री नाही. पहिल्याच सकाळी एका चौकात मामा एका उंच, रंग उडालेल्या इमारतीसमोर थांबले. सज्ज्यांखाली दगडात कोरलेल्या माशांच्या रांगा होत्या, आणि एका माशाला पाय होते. मामा मान वर करून बघत राहिले. मुद्दाम घडवले असतील, की कोरणाऱ्याची छिन्नी घसरली? तेवढ्यात शेजारी एक अनोळखी गृहस्थ येऊन उभे राहिले आणि तेही वर बघू लागले.

शेवटी मामांनी विचारलं, "का हो, हे काय आहे?"

गृहस्थ दचकले. "मी तुम्हालाच विचारणार होतो. तुम्ही एवढं निरखून बघताय, म्हणून तर मी थांबलो."

"मी इथला नव्हे."

"मीही नाही."

दोघांनी पुन्हा वर पाहिलं. पलीकडच्या हातगाडीपाशी मामी पानात गुंडाळलेलं काहीतरी गरमागरम खात उभ्या होत्या आणि ते कशाचं आहे म्हणून गाडीवालीशी हुज्जत घालत होत्या. "अहो!" त्यांनी हाक मारली. "या लवकर! मला तर हे वांगं वाटतंय, ही बाई मासा म्हणतेय!"